मुक्कामी गाडी बंद झाली तेव्हा : दहावीच्या एका मंत्रिमंडळाचं वर्ष

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या एका माध्यमिक शाळेत २०२१-२२ साली घडलेलं हे प्रकरण आहे. तेव्हा मी दहावीची वर्गशिक्षिका होते. शाळेचं, गावाचं, मुलांचं नाव देत नाही. शालेय मंत्रिमंडळातल्या त्यांच्या खात्यांनीच त्यांना ओळखू : मुख्यमंत्री (मुलगी), क्रीडामंत्री आणि आरोग्यमंत्री (दोघं मुलगे). मे २०२५ मध्ये तिघांना शाळेत बोलावून एक दुपारभर बोलतं केलं, माझी त्या वर्षीची टाचणवही काढली आणि दोन्ही जुळवून हे लिहिलं. तिघांच्या आठवणी सगळीकडे जुळत नाहीत. जिथे जुळत नाहीत तिथे तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

या मुलांनी पूर्ण वार्षिक परीक्षा दिली होती ती सातवीत, एप्रिल २०१९ मध्ये. आठवीची परीक्षा टाळेबंदीत रद्द झाली, नववीत सगळे वरच्या वर्गात ढकलले गेले. त्यांच्या आधीच्या दहावीच्या तुकडीची तर बोर्डाची परीक्षाच झाली नाही. त्यामुळे ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातल्या शाळा पाचवीपासून पुन्हा उघडल्या तेव्हा वर्गात दोन गोष्टी होत्या : तीन तास बसून लिहायची सवय मोडलेली, आणि "यंदाही होणार नाही परीक्षा" ही खात्री पक्की.

आमच्याकडे मंत्रिमंडळाची निवडणूक एरवी जुलैत होते. मतपत्रिका, बोटाला शाई, मतमोजणी, सगळं रीतसर. त्या वर्षी ती ऑक्टोबरात झाली. सहलमंत्री निवडला, पण सहल जाणार नव्हती. आरोग्यमंत्र्याच्या हातात मात्र पहिल्या दिवसापासून तापमान मोजायचं यंत्र आलं, आणि ते कपाळावर रोखण्यात तो फार खूश होता. मुख्यमंत्री वर्गात बोलणारी, अक्षर सुरेख, वडील गावातच किराणा दुकान चालवणारे. क्रीडामंत्री खो-खोचा कप्तान, घरी चार म्हशी, सकाळी दूध डेअरीला घालूनच शाळेत येणारा. दोघंही गावातले. पुढे जे झालं त्यात ही गोष्ट महत्त्वाची ठरली, पण तेव्हा ती कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही.

दहावीत ६१ मुलं होती. त्यातली २३ वरच्या चार वाड्यांमधून एसटीने यायची. सगळ्यात जवळची वाडी सहा किलोमीटर, लांबची चौदा. या २३ मध्ये १७ मुली. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत असतो, त्यामुळे प्रवासाचा खर्च हा विषयच कधी घरात निघालेला नव्हता. शाळा ११ ते ५, मग सव्वापाच ते सव्वासहा जादा तास, आणि साडेसहाला मुक्कामी गाडी. ती रात्री शेवटच्या वाडीत थांबायची आणि सकाळी तीच खाली यायची.

अडचण

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. राज्य शासनात विलीनीकरण व्हावं ही मुख्य मागणी होती. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यभरातली आगारं बंद पडली. आमची दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्या सोमवारी २३ पैकी ६ जण वर्गात होते. तेही चालत आलेले.

हेडसरांनी मंत्रिमंडळाला बोलावलं आणि म्हणाले, "वाडीवरची पोरं आणायची जबाबदारी तुमची. तुमचं ऐकतील ती." मी हजेरीपट उघडून २३ नावांखाली लाल रेघ मारली आणि तो मुख्यमंत्र्यांच्या हातात दिला. आज मागे पाहताना मला हा क्षण सगळ्यात जास्त खटकतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना आम्ही काम दिलं. त्यासोबत पैसे दिले नाहीत, वेळापत्रक बदलायचा अधिकार दिला नाही, आणि कुणी मोठं माणूसही बरोबर दिलं नाही. खाती तेवढी होती.

समोर असलेले पर्याय

मुख्यमंत्र्यांच्या वहीत त्या बैठकीची टिपणं आहेत. चार पर्याय लिहिले होते.

पहिला, थांबायचं. संप आज मिटेल, उद्या मिटेल, असं गावात सगळेच म्हणत होते. दुसरा, रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवायचा. तिसरा, वडापने, म्हणजे उतारू भरून चालणाऱ्या खासगी जीपने, यायला सांगायचं. एका फेरीला वीस रुपये, म्हणजे रोजचे चाळीस, आठवड्याचे २४०. ज्या घरात पासामुळे एक रुपया लागत नव्हता तिथे हा आकडा मोठा होता. चौथा क्रीडामंत्र्याचा : सगळ्यांनी वर्गणी काढून एक जीपच ठरवायची.

पाचवा पर्याय कुणी लिहिला नाही. वाडीवर जाऊन विचारायचं की तुम्ही का येत नाही. उत्तर उघड वाटत होतं ना : गाडी बंद आहे म्हणून.

काय केलं : पहिला टप्पा

पहिले बारा दिवस ते थांबले. मुख्यमंत्री आज त्याला "आमची पहिली चूक" म्हणते. मला ते तितकंसं पटत नाही. त्या दिवसांत आगार व्यवस्थापकालाही उद्याचं सांगता आलं नसतं, मग मुलांनी काय ओळखावं? पण थांबताना कधीपर्यंत थांबायचं हे ठरवलं नव्हतं, हे तिचं म्हणणं खरं आहे.

मग व्हॉट्सॲप. मुख्यमंत्री रोज रात्री फळ्यावरच्या गणितांचे फोटो पाठवायची, सुरेख अक्षरात सोडवून. तिला वाटायचं काम चाललंय. वाडीवर नेटवर्क यायचं ते मंदिरामागच्या टेकाडावर, आणि फोन बहुतेक घरांत वडिलांच्या खिशात. संदेशाखाली निळ्या खुणा दिसायच्या, त्या वडिलांनी उघडल्याच्या. हे तिला डिसेंबरात कळलं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात क्रीडामंत्र्याने जीप ठरवली. हे त्याने एकट्याने केलं आणि ते सोपं नव्हतं. स्टँडवर तीन दिवस घालवून त्याने वरच्याच वाडीतला एक वडापवाला शोधला आणि दोन्ही वेळच्या फेरीचे दिवसाला ६०० रुपये ठरवले. वीस मुलं धरली तर आठवड्याला डोई १८० रुपये. वही केली, खाती आखली, दर सोमवारी वसुली. दुसऱ्याच आठवड्यात हजेरी ६ वरून १४ वर गेली. शिक्षक खोलीत आम्ही त्याचं कौतुक केलं.

आणि तिथेच आकडा अडकला. १४ च्या वर जाईना.

निर्णयाची जागा : सात नावं

मंत्रिमंडळाने निष्कर्ष काढला की उरलेल्यांना पैसे परवडत नाहीत. वहीत सात जणांची बाकी दिसत होती. काही येत होते पण पैसे देत नव्हते, काही येतच नव्हते. क्रीडामंत्र्याला सुचलं की गावातल्या मुलांनी या सात जणांचे पैसे वाटून भरावेत. डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी परिपाठात, सुविचार आणि बातम्या झाल्यावर, तो पुढे आला आणि म्हणाला, "खालील विद्यार्थ्यांना मदतीची गरज आहे." मग वहीतली सात नावं वाचली.

हेतू चांगला होता, यात शंका घेण्याचं कारण नाही. मी तिथेच उभी होते. नावं वाचली जात असताना मला काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण ते वाटणं शब्दांत यायच्या आत सातवं नाव वाचून झालं होतं. गावातल्या मुलांनी त्याच दिवशी तीनशे दहा रुपये जमवले. सात नावांपैकी दोन मुली, ज्या तोपर्यंत येत होत्या, दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत.

या प्रसंगाबद्दल दोघांचं बोलणं ऐकताना वाटावं की ते दोन वेगळ्या शाळांबद्दल बोलतायत. मुख्यमंत्री म्हणते, "मला माहीत होतं तो वाचणार आहे. आदल्या दिवशी त्यानं मला विचारलं होतं, आणि मी म्हणाले, वाच. मला वाटलं आपण मदत करतोय." क्रीडामंत्री म्हणतो, "वाचलं ते चुकलं, मान्य. पण ती जीप पुढं परीक्षेपर्यंत चालली, ते पण माझंच ना? ते कोण आठवत नाही." त्याची ही तक्रार रास्त आहे. आम्ही शिक्षकांनीही पुढे कित्येकदा त्या सात नावांची गोष्ट सांगितली, जीप ठरवणाऱ्याची नाही.

काय केलं : दुसरा टप्पा

पुढच्या रविवारी मुख्यमंत्री आईला घेऊन वरच्या वाडीवर गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दोन मुलींपैकी एकीच्या ओसरीवर बसली, चहा झाला, माफी मागितली. मुलगी काही बोलली नाही. बोलली तिची आई. मुख्यमंत्र्यांनी ते परत आल्यावर मला जसंच्या तसं सांगितलं होतं : "पैशाचं काय बाई, पैसं आमी देऊ आज ना उद्या. एसटी हुती तवा कंडक्टर वळखीचा हुता. पोरगी गाडीत बसली की घरात आल्यावानी. ह्या जीपड्यात वाटंत कोण कोण चढतंय, आन् घरी यायला सात वाजत्यात. अंधारात कशी धाडू?"

म्हणजे येण्याची अडचण नव्हतीच, अडचण परतीची होती. आणि पैसा हा अडचणीचा लहान भाग होता. वडापवाला ठरलेल्या पैशांत भागत नाही म्हणून परतीच्या फेरीत वाटेवरचे उतारू घेत होता. डिसेंबरात सहालाच दिवस मावळतो. आमचा जादा तास सव्वासहाला सुटायचा. मुक्कामी गाडी होती तेव्हाही मुली अंधारातच घरी पोचायच्या, पण ती सरकारी गाडी होती, दिवा लावलेली, आणि तिच्यात खाकी कपड्यातला, वाडीत मुक्काम करणारा, नावानं ओळखणारा माणूस होता. आम्ही गाडी बंद पडली असं समजत होतो. वाडीच्या आयांच्या दृष्टीनं सोबत बंद पडली होती.

हे कळल्यावर पर्यायच बदलले. मुख्यमंत्र्यांनी हेडसरांना लेखी निवेदन दिलं : जादा तास संध्याकाळऐवजी सकाळी पावणेदहाला घ्यावा, जीप पाच दहाला सुटावी, तिच्यात शाळेच्या मुलांशिवाय कुणी नसावं. हेडसरांनी पहिल्यांदा नकार दिला. गणिताच्या सरांची सकाळची वेळ जमत नव्हती, आणि गावातली निम्मी मुलं सकाळी गोठ्यात, शेतात असतात, ही हरकतही खरीच होती. आठवडाभर निवेदन टेबलावर पडून राहिलं. मग मी सरांशी बोलले. जे बोलायचं ते मी नोव्हेंबरातच बोलायला हवं होतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून तास सकाळी गेला.

उतारू न घेण्याचे वडापवाल्याने दिवसाला शंभर वाढवून मागितले. ते मुलांवर टाकायचे नाहीत असं ठरलं. शिक्षकांनी आणि दोन माजी विद्यार्थ्यांनी ते वाटून घेतले. वसुलीची वही क्रीडामंत्र्याकडेच राहिली, पण आता ती फक्त तो आणि मी बघायचो.

या बदलाची किंमतही कुणीतरी दिली. गावातली सात-आठ मुलं सकाळच्या तासाला येईनाशी झाली, त्यात खुद्द क्रीडामंत्री. दूध घालून, शेणघाण काढून, वैरण टाकून त्याला साडेदहा व्हायचे. बीजगणिताचा जवळजवळ निम्मा भाग त्याचा बुडाला. त्यावर तो आज हसून म्हणतो, "मुख्यमंत्र्यांचा निर्णय, भरपाई क्रीडा खात्याची." त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा दुपारच्या सुट्टीत तास घेता आला असता. आम्हाला ते सुचलं नाही, आणि त्यानेही मागितलं नाही.

जानेवारी ते मार्च

१० जानेवारीपासून कोरोनाच्या तिसऱ्या लाटेमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या, दहावी-बारावीला सूट होती. उलट हे आमच्या पथ्यावर पडलं. इमारत रिकामी, सगळे शिक्षक मोकळे. जानेवारीअखेर २३ पैकी २० जण नियमित येत होते.

३१ जानेवारीला मुंबईत धारावीत मुलांनी परीक्षा ऑनलाइन घ्यावी म्हणून आंदोलन केलं. दोन दिवसांत आमच्या मुलांच्या फोनवरही "वर्गावर बहिष्कार टाका" असे संदेश फिरू लागले. आरोग्यमंत्र्याचं म्हणणं, आपणही एक दिवस बाहेर बसावं, मागणी चुकीची नाही. त्यावर बैठकीत बरीच वादावादी झाली. शेवटी वाडीवरच्याच एका मुलीने विषय संपवला. ती म्हणाली, "ऑनलाइन झाली तर मी टेकाडावर बसून पेपर देऊ व्हय?" बहिष्कार झाला नाही. त्याऐवजी दर शनिवारी पूर्ण वेळ लिहायचा सराव मागितला गेला, आणि तो आम्ही दिला. पहिल्या शनिवारी दीड तासानंतर निम्म्या वर्गाने पेन खाली ठेवून बोटं मोडायला सुरुवात केली होती.

परीक्षा १५ मार्च ते ४ एप्रिल २०२२ या काळात झाली. अभ्यासक्रम २५ टक्के कमी, ८० गुणांच्या पेपरला अर्धा तास जास्त, आणि केंद्र आमच्याच शाळेत. संप तेव्हाही चालू होता. लांबच्या दोन वाड्यांतल्या अकरा मुली परीक्षेपुरत्या गावात मैत्रिणींच्या घरी राहिल्या. चौघी मुख्यमंत्र्यांच्या घरी, दुकानामागच्या खोलीत.

निकाल

६१ अर्ज भरले होते, ५९ जणांनी परीक्षा दिली. १७ जूनला निकाल लागला. राज्याचा ९६.९४ टक्के होता. आमची परीक्षेला बसलेली सगळी मुलं उत्तीर्ण झाली. क्रीडामंत्री गणितात काठावर.

न बसलेल्या दोघांपैकी एक मुलगा माथाडी असलेल्या वडिलांबरोबर मुंबईला गेला होता. दुसरी त्या सात नावांतली, परिपाठानंतर न आलेल्या दोघींपैकी एक. तिची मैत्रीण जानेवारीत परत आली, ती आली नाही. नवी मुंबईत मावशीच्या तान्ह्या मुलाला सांभाळायला तिला पाठवलं होतं. मुख्यमंत्री याचा संबंध थेट त्या सकाळशी लावते. क्रीडामंत्री म्हणतो, तिचं जाणं दिवाळीतच ठरलं होतं. नंतर तिची आई मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "जायचं ठरलं हुतं, पर ती नको म्हणत हुती. मग एक दिस आपणच म्हणाली, जाती." दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांच्याही म्हणण्यानं माझी सुटका होत नाही. ती कधीपर्यंत नको म्हणत होती, हे मी आईला विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मुख्यमंत्र्यांच्या मते, पहिल्याच आठवड्यात वाडीवर जायला हवं होतं. चहा, ओसरी आणि एक प्रश्न, एवढंच लागलं होतं. क्रीडामंत्र्याच्या मते मंत्रिमंडळात वाडीवरचं एक तरी जण हवं होतं. हे ऐकून मी जुनी यादी काढून पाहिली. नऊ मंत्र्यांपैकी वाडीवरचा एकही नव्हता. याचं कारण साधं : प्रचार शाळा सुटल्यावर गावात चालायचा, आणि वाडीवरची मुलं तेव्हा गाडीसाठी स्टँडवर उभी असायची. आम्ही मतदान गुप्त ठेवलं, शाई लावली, आणि हे मात्र पाहिलं नाही. आता आमच्याकडे प्रचार मधल्या सुट्टीतच होतो आणि दोन जागा बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांच्या. पैशाची कुठलीही यादी मुलांच्या हातात जात नाही.

आरोग्यमंत्र्याने एक वेगळाच मुद्दा मांडला. "मॅडम, तुम्ही आम्हाला नेते नेते म्हणत होता. हेडसर सही करत न्हवते तेव्हा आम्ही आठ दिवस हापिसाच्या दारात उभं होतो. तुम्ही बोललात आणि झालं. मग ते आधीच का नाही?" मी त्याला उत्तर दिलं, की मुलांनी शिकावं असं वाटत होतं. तो नुसता मान हलवून गप्प बसला. मलाही ते उत्तर बोलताना पोकळ वाटलं.

निघताना क्रीडामंत्र्याने पिशवीतून ती वसुलीची वही काढली. सात नावांचं पान फाडलेलं होतं. मुख्यमंत्र्यांनी शेवटचं पान उघडलं. तिथे वडापवाल्याची बाकी चारशे रुपये लिहिलेली होती आणि खाली काही नाही.

"हे राहिलेच का रे?"

"दिले की. त्याच मे महिन्यात, पोल्ट्रीवर कामाला गेलो होतो त्याचा पगार आला तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलं कुठं," तो म्हणाला, आणि वही परत पिशवीत घातली.